काठ फोडून निळा

गालिच्यांच्या त्या कारखान्यात माग ओळीनं उभे होते आणि अगदी टोकाला, खिडकीशी, भोंग्याचा माग होता. भोंगा हे काही त्याचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. पण आवाजच असा, की सकाळी त्यानं पहिली ओळ सांगायला घेतली की बाहेरून जाणारा सायकलवाला दचकून उगाच घंटी वाजवायचा. आणि बायको मिळाली ती अशी, की तिच्याकडून एक शब्द काढायचा म्हणजे खोल विहिरीतून घागर ओढायची. लग्न होऊन ती मागावर बसली त्याच दिवशी शेजारच्या मागावरच्या मावशीनं तिचं नाव अबोली ठेवून टाकलं.

"देवानं जोडा बरा जमवला," मावशी म्हणाली. "एकाला तोंड दिलं, एकीला कान."

ते खरंही होतं. गालिचा विणायची तिथली रीत अशी: विणणारीपुढे उभ्या धाग्यांचा ताणा, डोक्यावर दांडीला लोंबणारे रंगीत लोकरीचे गोळे, हातात आखूड सुरी. नक्षी तिच्यासमोर नसते. शेजारी स्टुलावर बसलेला माणूस ती सांगतो, एका वेळी एक ओळ, गाण्यासारखी लांबवून. "दोऽन लाल, एऽक पांढरा, तीन निळे घेऽ, लाल सोडून हिरवा..." तो सांगेल तशा गाठी ती मारत जाते. ओळ पुरी झाली की आडवा धागा घालायचा, लोखंडी पंज्यानं ठोकून घट्ट करायचा आणि म्हणायचं, "बसली." ते ऐकल्याशिवाय सांगणारा पुढची ओळ काढत नाही. अबोलीनं जन्मात सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेला शब्द हाच. कितीतरी दिवस असे जात, की उजाडल्यापासून मावळेपर्यंत तिनं "बसली"शिवाय दुसरं काही म्हटलेलं नसे, आणि तरी घरी जाताना तिला वाटे, आज काय बोलणं झालं!

बाकीच्या मागांवरचे सांगणारे पुढ्यात कागद ठेवून सांगत. भोंग्याच्या घराण्यात कागद नव्हता. त्याचा बाप तोंडानं सांगायचा, बापाचा बापही तोंडानंच. "कागद उंदीर खातो," भोंगा छाती पुढे काढून म्हणायचा. "तोंडाला कोण खाणार?"

मात्र स्टुलावर बसायच्या आधी तो मागाच्या लाकडावर तळहात टेकायचा आणि भोंग्याला न शोभणाऱ्या हलक्या आवाजात म्हणायचा, "सांग बाबा, मी आहे." हे देवाला. नवीन असताना अबोलीनं धीर करून विचारलं होतं, "तुम्हाला सगळं पाठ आहे ना? मग देवाला कशाला त्रास?"

"पाठ कुठलं, अगं? मला ह्या ओळीच्या पुढची ओळ ठाऊक नसते. तू 'बसली' म्हणालीस की ती येते. मधेच विचारलंस शेवटी काय आहे, तर मी कोरी पाटी."

"आणि नाही आली तर?"

"आजवर आली ना?"

हे उत्तर तिला कधीच पटलं नाही. आजवर आली, ही कालची गोष्ट झाली; तिनं विचारलं होतं ते उद्याचं. पण ती अबोली. गिळलं आणि गाठ मारली.

मुलगी झाली, मोठी झाली, लग्न होऊन लांबच्या शहरात गेली. भोंग्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या, अबोलीची बोटं टोकांना शिंगासारखी टणक झाली. आणि मग एका सकाळी, नवा ताणा चढवून झाल्यावर, भोंगा म्हणाला, "ह्या खेपेला हौद घेऊ."

हौद ही नक्षी तिनं कधी विणली नव्हती. त्याच्या बापानं ती एकदाच सांगितली होती, भोंगा मागाखाली लोकरीच्या कचऱ्यात लोळायच्या वयाचा असताना.

"मग तुम्हाला कशी येणार?"

"खाली हौद आहे एवढं आठवतं. वर काय आहे ते बघू आल्यावर. मलाही बघायचंय."

आणि ओळी येत गेल्या. दोन्ही बाजूंनी लाल काठ चढला, मधे निळा हौद भरला, त्यात पांढरे मासे सुटले. पाहायला येणारी मावशी म्हणाली, "अबोले, पदर वर घे, भिजेल." गालिचा बरोबर निम्म्यावर आला होता. मधल्या वेळेचा चहा नुकता झालेला. भोंगा सांगत होता, "चाऽर लाल, दोन निळे घेऽ, एऽक..."

एक काय, ते आलंच नाही. अबोली डोक्यावरच्या गोळ्यांकडे हात उचलून थांबली. पांढरा की निळा? तिनं मान वळवली. भोंग्याचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, जणू कुणी आतून ताण्याचा एक धागा खेचून धरला आहे.

दवाखान्यातून तो घरी आला तेव्हा उजवा हात मांडीवर ठेवला तर मांडीवर, उशीवर ठेवला तर उशीवर. पाय ओढत का होईना चालत होता. पण बोलणं गेलं. डॉक्टरांनी सांगितलं, कान आहेत, समज बहुतेक आहे, तोंडापर्यंतची वाट बुजली आहे. उघडेल, न उघडेल. एकच शब्द कसा कोण जाणे अलीकडे राहिला होता, तो म्हणजे "अरेच्चा." पाणी हवं, अरेच्चा. नको, अरेच्चा. लेक धावत आली, गळ्यात पडून रडली, "बाबा, ओळखलंत ना मला?" तर डोळ्यांतून धारा आणि तोंडातून, "अरेच्चा." रडता रडता लेकीला हसू फुटलं आणि मग तिला स्वतःचीच इतकी लाज वाटली, की ती मोरीत जाऊन उभी राहिली.

अबोलीला रडूही येईना. ती भांडत होती. आयुष्यभराचं न बोललेलं सगळं तिनं आता देवापुढे ओतायला घेतलं होतं, भाकरी थापताना, त्याचं तोंड पुसताना, चादर पिळताना. हात मागितला असतास तर माझा होता की. डोळा घ्यायचास. सांगणाऱ्याचंच तोंड बांधलंस, आता मी ऐकू कुणाचं?

कारखान्याचा मुकादम घरी येऊन गेला. वाईट माणूस नव्हता तो. त्याच्या डोक्यावर मालक होता आणि मालकाच्या डोक्यावर गिऱ्हाईक. चहाचा कप हातात फिरवत तो म्हणाला, "वहिनी, माग अडवून किती दिवस ठेवायचा? अर्धा गालिचा कोण घेणार? गिऱ्हाईक परत येईस्तोवर पुरा झाला तर ठीक. नाहीतर उतरवू आणि माग दुसऱ्याला देऊ. दोन पायपुसणी तरी निघतील त्यातून."

मुकादम गेल्यावर लेक म्हणाली, "आई, दे सोडून. दोघं माझ्याकडे चला. पुढच्या खोलीत बाबांची कॉट टाकू."

अबोलीनं ती खोली पाहिलेली होती. चांगली खोली. भिंतीला टीव्ही. त्या कॉटवर त्याला टेकवून बसवलेला तिला दिसला, टीव्हीकडे बघत, "अरेच्चा" म्हणत, मरेपर्यंत. ती म्हणाली, "बघू."

लेक परत गेल्यावर अबोली भोंग्याला घेऊन कारखान्यात गेली, त्यात काही मोठा विचार नव्हता. घरी एकटं ठेवता येत नव्हतं आणि मागावर पडलेलं काम निदान आवरायला हवं होतं. लोकरीच्या पोत्यांची पाठ करून तिनं त्याला त्याच्या जुन्या स्टुलावर बसवलं. अर्धी ओळ तशीच लोंबत होती. ती तरी मिटवावी म्हणून तिनं खालच्या ओळींचा अंदाज घेत उरलेल्या गाठी मारल्या, आडवा धागा घातला, पंजा ठोकला. आणि हात तिथवर आले की तोंड आपोआप जातं तिथं तिचं तोंड गेलं.

"बसली."

"पाऽच लाल," भोंगा म्हणाला, "एऽक पांढरा, दोन निळे घेऽ..."

सगळ्या मागांवरचे पंजे थांबले. आवाज पूर्वीचा नव्हता, फाटका होता, पाण्यातून आल्यासारखा; पण सूर तोच आणि शब्द ठसठशीत. अबोलीची बोटं तिच्या आधी हलली. लाल, पांढरा, निळा. ओळ पुरी झाली. तिनं वळून त्याच्याकडे पाहिलं. "अहो... पाणी देऊ?"

"अरेच्चा," भोंगा म्हणाला.

मावशी हातातली सुरी तशीच धरून उठली होती. "बाई गं," ती पुटपुटली, "पाणी मागता येईना आणि हौद सांगतोय!"

मग रोजचं हेच सुरू झालं. ओळ यायची ती "बसली"नंतरच. पुढचं आधी काढून घ्यावं म्हणून अबोलीनं एकदा न विणताच नुसतं "बसली" म्हणून पाहिलं. भोंगा तिच्याकडे बघत राहिला. पंज्याचा आवाज नाही, तर ओळ नाही. कधी दिवसातून भराभर यायच्या, कधी दोन-चार येऊन थांबायच्या, कधी सबंध दिवस कोरडा जायचा आणि ती गोळे गुंडाळत, धागे विंचरत, त्याच्या तोंडाकडे बघत बसायची. संध्याकाळी त्याला हाताशी धरून घरी नेताना वाटायचं, संपलं. सकाळी परत पंजा ठोकायचा, परत म्हणायचं. उद्याची ओळ आहे की नाही, हे तिला एकाही संध्याकाळी ठाऊक नसायचं. माणसाला ह्यानं बळ येतं असं म्हणतात. अबोलीला नाही आलं. ती वाळली, डोळ्यांखाली काळी झाली.

लेक पुन्हा आली तेव्हा तिनं ते डोळ्यांनी पाहिलं. तिचा चेहरा उजळेल असं अबोलीला वाटलं होतं. तो पडला.

"आई," बाहेर नळापाशी नेऊन लेक हळू म्हणाली, "ते बोलत नाहीत गं. आतलं पाठांतर नुसतं बाहेर पडतंय. रेडिओ बिघडला तरी एखादं स्टेशन लागतं ना, तसं. तू ह्यालाच बाबा समजून बसलीस, तर एक दिवस तेही बंद पडेल. तेव्हा काय करशील?"

अबोलीनं तोंडावर पाणी मारलं. रोज पहाटे डोळा उघडला की ती स्वतःला हेच विचारायची. तो आहे का त्या आवाजात? की घर रिकामं आणि नुसती घंटी वाजतेय?

आणि त्याच आठवड्यात ती ओळ आली.

मासे मागे पडले होते, हौदाची वरची कड बंद होत आली होती. भोंगा सांगत गेला आणि ओळीच्या शेवटाला, जिथं काठाचे लाल असायचे, तिथं म्हणाला, "काऽठ फोडून निळा."

तिचा हात अधांतरी राहिला. गालिच्याचा काठ फोडत नाहीत. सगळं उलटंपालटं होईल, पण काठ खालून वरपर्यंत सलग जातो; तो चुकला की लहान पोरालाही दिसतं आणि विणणारीचं नाव कायमचं बुडतं. तिनं ऐकू न आल्यासारखं केलं. भोंगा तेच, त्याच सुरात पुन्हा म्हणाला.

मुकादम तिथंच उभा होता. "वहिनी, आता त्याचं डोकं भरकटलं," तो म्हणाला, आणि खरोखर मायेनं म्हणाला. "आणि तुम्हाला त्याची गरज काय राहिली? निम्मा कधीच झालाय. खालचा निम्मा उलटा मोजत वर चढवा की झालं. कुठलाही गालिचा असाच असतो. तुम्हाला काय मोजता येत नाही?"

मोजता तर तिला येतच होतं. डोळ्यांपुढे सगळं स्वच्छ होतं, प्रत्येक गाठ. पहिल्यांदाच तिला शेवट दिसत होता, आणि शेवट दिसला की छातीवरचा दगड कसा उतरतो तेही पहिल्यांदाच कळलं. कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. कोरडे दिवस नकोत. रेडिओ तर रेडिओ, वाजो बिचारा.

तिनं काठाला लाल गाठी मारल्या. पंजा ठोकला. "बसली."

भोंगा गप्प राहिला.

तिनं मोजून पुढची ओळ विणली. मग त्याच्या पुढची. हात असा सुटला की बोलायची सोय नाही. आठवडाभरात वीतभर गालिचा चढला. मुकादम खूश. "असं पाहिजे!" शेजारून मावशी मात्र एक दिवस म्हणाली, "अबोले, तुझा माग हल्ली मुका वाटतो गं. झोप येते मला."

भोंग्यानं त्या आठवड्यात एकही ओळ सांगितली नाही. "अरेच्चा"सुद्धा म्हणाला नाही. ती रोज "बसली" म्हणत होती, सवयीनं, आणि रोज त्या शब्दाला खाली पडल्यासारखा आवाज येत होता. तो जेवेनासा झाला. स्टुलावर बसवलं की भिंतीकडे तोंड फिरवायचा. लेकीचा फोन आला, "कसे आहेत?" अबोली म्हणाली, "बंद पडले." आणि फोन खाली ठेवून तिथंच जमिनीवर बसली.

बसल्या बसल्या तिच्या मनात आलं ते असं. रेडिओ होता ना? मग रेडिओला काय पडलंय, मी लाल विणते की निळा? रेडिओ वाजत राहिला असता. हा थांबला. ज्या ओळीला मी त्याचं मोडलं, बरोबर त्याच ओळीला थांबला. कुठला गोळा ओढला हे दांडीच्या करकरण्यावरून आंधळ्यानंही सांगावं, असा जन्म त्या स्टुलावर गेलेला माणूस. त्याला ऐकू गेलं होतं. माझी प्रत्येक गाठ तो ऐकत होता. आत कोणीतरी बसून होतं, आणि मीच त्याला सोडून पुढे निघून आले होते.

हे कळून तिला आनंद झाला नाही, धडकी भरली. कारण मग करायचं काय, ते उघडच होतं.

सकाळी तिनं सुरीचं टोक पहिल्या गाठीखाली घातलं. विणायला लागतो त्याहून उसवायला वेळ जास्त. पंज्यानं घट्ट केलेली गाठ सुटत नाही, कापून चिमटीनं ओढावी लागते. ताण्याला सुरी लागली तर सगळंच गेलं. मांडीवर, केसांत, तोंडात लाल-पांढरी लोकर उडायला लागली.

मुकादमानं पाहिलं आणि त्याचा तोल गेला. "वेड लागलं का वहिनी तुम्हाला? झालेलं काम उसवताय? गिऱ्हाईक दारात येऊन ठेपलंय!"

"चुकलंय," अबोली म्हणाली.

"कुठं चुकलंय? खालच्याशी ताडून बघा!"

"खालच्याशी जुळतंय. सांगितलेल्याशी नाही."

"सांगितलेलं! अहो, तो..." मुकादमानं भोंग्याकडे पाहिलं आणि पुढचा शब्द गिळला. "काठ फोडलात तर मालकापुढे तुम्ही उभ्या राहायचं. मी नाही."

"मीच राहीन."

अबोलीनं एवढं सलग बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. मावशीनं आपला पंजा ठेवला, स्वतःचं स्टूल ओढून आणलं आणि दुसऱ्या कडेनं उसवायला बसली. "मला झोप येत होती म्हणून हो," ती मुकादमाला म्हणाली. "तुमच्या भल्यासाठी नाही."

उसवत उसवत दोघी त्या ओळीपाशी आल्या. खाली हौदाची कड, वर नुसता उघडा ताणा. अबोलीची बोटं सोलवटली होती. आता निळा बांधायचा, एवढंच. पण निळ्यानंतर? निळ्यानंतर तो बोलला नाही तर हातात राहणार होता काठ फुटलेला अर्धा गालिचा, दाराशी गिऱ्हाईक, आणि शहरातली ती खोली. कुणीही तिला वचन दिलं नव्हतं. तिनं मागाच्या लाकडावर तळहात टेकला. हे तिनं कधी केलं नव्हतं. ते त्याचं काम होतं.

"सांग बाबा," ती म्हणाली. "मी आहे."

भिंतीकडचं तोंड हललं नाही.

तिनं त्यानं सांगितलेली ओळ पहिल्यापासून, त्याच्याच सुरात, स्वतःच्या तोंडानं म्हणत बांधायला घेतली. लाल आले, पांढरा आला. काठापाशी येऊन तिनं दांडीवरचा निळा गोळा खाली ओढला, आणि दांडी करकरली. निळी गाठ. तिच्या शेजारी निळी गाठ. लाल काठाला भगदाड पडलं. धागा, पंजा.

"बसली."

काही नाही. मावशी खाली बघत बोटांवरची लोकर काढत राहिली. बाहेरून एक सायकल गेली. मग स्टुलावरची पोती दबल्याचा आवाज झाला, कुणीतरी कुशीवरून वळावं तसा.

"सहाऽ लाल," भोंगा म्हणाला, "काऽठ फोडून निळा..."

अबोलीनं ती गाठ मारली तेव्हा तिला समोरचं काही दिसत नव्हतं. त्या दिवशी बोटांनीच पाहिलं.

पुढं ओळी आल्या तशा आल्या, काही दिवशी नाही आल्या. हौदातून एक पाट निघाला होता. तो काठातून बाहेर पडून गालिच्याच्या कडेकडेनं वर चढू लागला. कुठं निघालाय ते मावशीला कळेना, मुकादमाला कळेना. अबोलीनं विचारायचं सोडून दिलं होतं. पण भय गेलं नव्हतं, त्यानं फक्त जागा बदलली होती. आता तिला गालिचा संपायचं भय वाटत होतं. ओळी संपल्या की हा काय बोलणार? प्रत्येक ओळीबरोबर तीच त्याचा आवाज थोडा थोडा संपवत होती. एकदा तिला वाटलं, हळू विणावं, रोजची एकच ओळ घ्यावी, पुरवून पुरवून. दुपारपर्यंत तिनं तसं केलंही. पण भोंगा स्टुलावर पुढे सरसावून वाट बघत होता, मान वाकडी करून, "बसली"साठी. त्याला ताटकळत ठेवणं तिच्यानं होईना.

शेवटची ओळ त्यानं इतर ओळींसारखीच सांगितली. निळा थेट वरच्या कडेपर्यंत गेला. वर काठ आलाच नाही. पाणी गालिच्याबाहेर निघून गेलं. अबोली म्हणाली, "बसली." मग पुन्हा म्हणाली. मग तिनं कातर घेतली.

गालिचा पसरला तेव्हा मुकादम कमरेवर हात ठेवून उभा होता. "कोण घेणार हे?" तो म्हणाला. मग वाकून त्यानं त्या पाटावरून तळहात फिरवला आणि उगाचच तो हात विजारीला पुसला. "मालकाला दाखवतो. माग मात्र रिकामा करा वहिनी. नवा कारागीर येतोय. तो येईस्तोवर बसायचं तर बसा, माझं काय जातं."

लेक न्यायला आली होती. बापाची पिशवी तिच्या हातात होती, बाहेर रिक्षा उभी होती. तिला आई मागावर चढलेली दिसली, वरच्या दांडीवर उरलंसुरलं सूत ताणत.

"आई, काय करतेस? माग आपला नाही राहिला."

"दिसतंय मला."

"मग? कुठली नक्षी घेतेस? बाबा काही बोललेत का?"

"नाही." अबोलीनं धागा दातानं तोडला. "सुरुवातीची पट्टी साधी असते. तिला सांगणारा लागत नाही. तेवढी होऊ दे."

"आणि मग?"

अबोलीनं खाली उतरून लेकीच्या हातातली पिशवी घेतली आणि स्टुलाशेजारी ठेवली. "रिक्षावाल्याला थांबायला सांग. नाहीतर जाऊ दे. मला ठाऊक नाही गं, बाई. खरंच नाही. पट्टीपुरतं ठाऊक आहे."

लेक दारापर्यंत गेली, आणि तिथंच चौकटीला टेकून उभी राहिली.

अबोलीनं लाकडावर हात टेकला. साधा आडवा धागा घातला, रंग नाही, गाठ नाही. पंजा ठोकला. "बसली."

भोंगा रिकाम्या ताण्याकडे बघत होता. ताण्यामधून पलीकडची खिडकी दिसत होती.

दुसरा धागा. "बसली."

तिसरा. शेजारी मावशीचा पंजा कधी थांबला होता कुणास ठाऊक.

"बसली," अबोली म्हणाली.

भोंग्यानं डावा हात उचलला, पांढऱ्या सुतावर ठेवला आणि ते चाचपून पाहिलं, वरून खाली, जणू त्यात काही आधीच बांधलेलं आहे. "अरेच्चा," तो म्हणाला.

अबोलीनं चौथा धागा घेतला.